जादूच्या बिऱ्हाडाची हाळी

"मम्मी, तू चहा फुंकून पीत जा. एवढा गरम चहा माणसं पीत नाहीत. कुणाला तरी कळेल."

माझी मुलगी पाचवीत होती. मी कांद्याच्या काढणीवरून नुकतीच आले होते, चुलीपुढे बसून चहा घशाखाली ओतत होते आणि ही दारात उभी राहून मला शिकवत होती.

"काय कळेल?" मी विचारलं.

"आपण माणसं नाही ते."

आधी मला हसू आलं, मग राग आला. दिवसभर वाकून कंबरेचा काटा ढिला झालेला, आणि आपण माणूससुद्धा नाही हे पोटच्या पोरीकडून ऐकायचं म्हणजे काय! पण ती इतकी गंभीर होती की मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, बाई, सांग मग आपण कोण आहोत.

शाळेचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं. बाईंनी वर्गाला सांगितलं होतं की यंदा नाटक तुमचं तुम्हीच रचायचं. शिनोलीकडून येणाऱ्या या बाई हौशी, मुलांकडून काहीतरी करून घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. माझ्या मुलीने रचलं ते एका जादूच्या घराचं नाटक. हे घर एका गावात माणसांत लपून राहतं. दिसायला अगदी माणसांसारखं. घरातल्या आजोबांच्या आवाजात जादू आहे. बापाला अख्खं घर गुंडाळून घोड्यावर लादता येतं. आई चालता चालता ढग कातते. घराचा नियम एकच, माणसांना कळू द्यायचं नाही, आणि कळलंच तर बिऱ्हाड हलवायचं. म्हणून हे लोक मुद्दाम रेशनच्या रांगेत उभे राहतात, लाइट गेली की सगळ्यांबरोबर शिव्या घालतात, मोबाईलला रेंज नाही म्हणून गच्चीवर चढतात, आणि चहा फुंकून पितात.

आता हे घर कुणाचं हे सांगायला ज्योतिषी नको. आम्ही मेंढरंवाले. लोणीच्या शिवारात आमचं घर आहे, थोडं वावर आहे, त्यात बाजरी आणि कांदा होतो. पण सासऱ्यांनी मेंढरं सोडली नाहीत. माझं लग्न झालं तेव्हा आमचं बिऱ्हाड घोड्यावरच हलायचं, आता नवऱ्याने पिकअप घेतली. मी चातीवर लोकर कातत मेंढरांमागे चालायची, अजूनही हात रिकामा असला की चाती फिरतेच. गावातल्या बाया विचारतात, विकतचं घोंगडं मिळत असताना हा उद्योग कशाला? माझ्या मुलीला त्या चातीत ढग दिसला. मला कुणी साडी-चोळी करून मिरवलं असतं तरी एवढं बरं वाटलं नसतं.

नाटकाची गोष्टही तिने मोठी हुशारीने बेतली होती. गावात बिबट्या येतो. आमच्याकडे तो येतोच, त्यात जादू काही नाही. सगळी जनावरं दावी तोडून रानोमाळ पळतात, माणसं शोधून शोधून थकतात. जादूच्या घरातल्या मुलीला माहीत असतं की आपण हाळी दिली तर सगळी जनावरं परत येतील, पण मग आपलं गुपितही फुटेल आणि आपल्याला गाव सोडावं लागेल. ती खूप विचार करते आणि हाळी देते.

बाईंना नाटक फार आवडलं. मला शाळेत बोलावून म्हणाल्या, "बाकी सगळ्यांनी राजा-राणी आणि पऱ्या आणल्या. हिची जादू रेशनच्या रांगेत उभी आहे." मी घरी येईपर्यंत रस्ताभर ते वाक्य मनात घोळवत होते.

अडलं ते हाळीपाशी.

मेंढरंवाल्यांच्या प्रत्येक घराची हाळी वेगळी असते. बाहेरच्याला ती नुसती आरोळी वाटते. पण दोन घरांची मेंढरं एका पाणवठ्यावर मिसळली की दोन मालक दोन बाजूंना उभे राहतात, आपापली हाळी देतात, आणि मेंढरं आपली आपण निवडली जातात. कुणाला काठी लावावी लागत नाही. आमच्या घरची हाळी पोटातून निघते, लांब चढत जाते आणि शेवटाला दोनदा मोडते. सासऱ्यांना ती त्यांच्या बापाने दिली, त्यांनी माझ्या नवऱ्याला दिली. सुनेला नाही आणि लेकीला तर मुळीच नाही. लेक सासरी जाते, तिच्या गळ्यातून घरची हाळी परक्यांच्या मेंढरांत जाईल, असं म्हणतात. माझं माहेर महाळुंगे पडवळच्या बाजूला. तिथेही हेच. वडील भावांना हाळी शिकवायला बसले की मला पाण्याला धाडायचे. तरी ती माझ्या कानात पक्की बसली आहे. विहिरीवर कान बंद करून थोडीच जातं कुणी! पण आजवर मी ती तोंडातून काढलेली नाही.

मुलगी आजोबांपुढे जाऊन उभी राहिली. सासरे ओट्यावर बसून एका कोकराच्या खुरातला काटा काढत होते.

"आबा, मला आपली हाळी द्या. नाटकात पायजे."

त्यांनी मान वर केली नाही. "नाटकात? गावापुढं? हाळी काय स्पीकरवर वाजवायची चीज हाय व्हय?"

"एकदाच."

"एकदा न्हाई आन् अर्धांदा न्हाई. पोरीला हाळी देत नसत्यात. उद्या सासरी जाशील, आपली हाळी परक्या मेंढरांत."

"मी पाचवीत हाय, आबा."

मला राहवलं नाही. आतून म्हटलं, "मामा, सोयरीक जुळवून आलात का काय? पावणं कुठलं ते तरी सांगा, मला तयारीला लागायला बरं."

"तू मधी बोलू नगंस." मग नातीकडे वळून म्हणाले, "तुला येती हाळी, ठावं हाय मला. पाळण्यातनं आयकतीयास. पर तोंडातनं काढायची न्हाई. शब्द दे."

तिने शब्द दिला. सासऱ्यांचं काम मोडेन पण वाकणार नाही असलं, हे तिलाही माहीत होतं. रात्री ती नीट जेवली नाही. हाळीशिवाय तिच्या नाटकात जादूच उरत नव्हती.

बाईंनी समजावलं की कुठलीही आरोळी दे, कुणाला काय फरक कळतोय? ही म्हणाली, "खोटी दिली तर मेंढरं येणार नाहीत."

"अगं, पण नाटकात खरी मेंढरं आहेत कुठं?"

"नाहीत. पण मला माहिती असेल ना."

शेवटी तिने तिचा तिचा मार्ग काढला. हाळीची जागा आली की ती तोंडाशी हात नेणार, छाती भरून घेणार आणि आवाजच काढणार नाही. लोकांनी समजून घ्यायचं. परसात पाण्याच्या टाकीपुढे उभी राहून ती याचा सराव करायची. हात वर, हनुवटी वर, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि सगळं गप्प. मी भांडी घासता घासता बघायची. मनातल्या मनात सासऱ्यांना चार शब्द सुनावायची.

आमच्याकडे बिबट्याच्या धास्तीने हल्ली संमेलनं दुपारीच उरकतात. सासरे आधी म्हणाले, "मेंढरं कोण बघंल? म्या न्हाई येत." पण यायचं तर मनात होतं, फक्त येतो म्हणायला जीभ रेटेना. मग एक दिवस आधी शाळेच्या शेजारचं, कांदा निघालेलं वावर त्यांनी मालकिणीशी बोलून मेंढरांसाठी ठरवलं. मेंढरांना पातीचा पाला मिळतो, वावराला लेंडीखत मिळतं, दोघांचं भागतं. इतकी वावरं मोकळी असताना शाळेच्या शेजारचंच का, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिथलीच पात लई गोड असते म्हणाले असते.

संमेलनाला ते धुतलेलं धोतर नेसून, नवा फेटा बांधून आले आणि फाटकाजवळ, सगळ्यांत मागच्या खुर्चीवर काठी धरून बसले. पलीकडच्या वावरात आमची मेंढरं पात खात होती. शाळेच्या बाजूने नवऱ्याने वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण लावलं होतं आणि तो कुत्र्याला घेऊन बांधावरून मान लांब करून नाटक बघत होता.

पडदा उघडला. मुलं रोजच्याच कपड्यांत होती. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "पोरांला ड्रेस न्हाई का मिळालं?" मी म्हटलं, "लपून राहत्यात ना, मग ड्रेस कसा घालतील?" नाटकातल्या आईचं, म्हणजे माझं काम एका बागायतदाराची मुलगी करत होती. हातातल्या काडीवर कापूस फिरवत ती स्टेजभर चालली आणि उकळता चहा एका घोटात पिऊन टाकला. लोक हसले. नंतर "अर्र, फुंकायचं राह्यलं!" म्हणून तिने जीभ चावली तेव्हा तर खुर्च्या हलल्या. मी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यातलं थोडं हसण्याचं नव्हतं.

मग बिबट्या आला, जनावरं पळाली, माणसं हरली, आणि माझी मुलगी एकटी पुढे आली. तिने हात तोंडाशी नेला. हनुवटी वर केली. छाती भरली.

आवाज नाही.

घरी हे किती मोठं वाटायचं! इथे लोकांना काही कळलंच नाही. पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "माईक गेला वाटतं." एका माणसाने उठून माईक ठोकला. "हॅलो कर पोरी, हॅलो." पुढच्या रांगेतली मुलं खिदळली. "विसरली! विसरली!" ती तशीच उभी होती, हात तोंडाशी आणि डोळे सरळ मागे, फाटकाकडे. तिला शब्द मोडता येत नव्हता आणि नाटकही सोडता येत नव्हतं. मी उठायला लागले, पण उठून करणार काय होते?

मागे खुर्ची पडल्याचा आवाज झाला.

"विसरली न्हाई ती!" सासरे उभे होते. फेटा तिरका झाला होता. "म्या शब्दात बांधलीया तिला. समद्यांनी आयका!"

आणि त्यांनी हाळी दिली.

मी ती हाळी माळावर ऐकली आहे, घाटात ऐकली आहे, धुक्यात ऐकली आहे. पण पत्र्याच्या मांडवाखाली, एवढ्या माणसांत ती निघाली तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. ती चढत गेली, चढत गेली आणि शेवटाला दोनदा मोडली. सासरे छाती काढून उभे. आणि आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेला हा माणूस, आपली मेंढरं पलीकडच्याच वावरात आहेत हे साफ विसरला होता.

पहिल्यांदा वाघर पडल्याचा आवाज आला. मग नवऱ्याची आरोळी, "आबाऽ, काय केलंत!" मग फाटकातून मेंढरं आली. धुरळा उडवत, एकमेकींच्या पाठीवर चढत, बें बें करत सगळीच्या सगळी आली. खुर्च्या आडव्या झाल्या, बाया पदर सावरत बाकांवर चढल्या, एका बोकडाने प्रमुख पाहुण्यांचा पुष्पगुच्छ हातातल्या हातात संपवला. मेंढरं सासऱ्यांभोवती गोळा झाली आणि तोंड वर करून उभी राहिली, जणू विचारत होती की बोलावलंत कशाला. नवरा नंतर म्हणाला, "म्या आडवा झालो व्हतो. पर आबांच्या हाळीपुढं माझं कोण आयकतंय?"

या गोंधळात स्टेजवरची सगळी मुलं आत पळाली. माझी मुलगी पळाली नाही. तिने हात खाली घेतला, मेंढरांकडे बघितलं आणि आपलं पुढचं वाक्य म्हटलं. माईक चालू होता, तो बिघडला कधीच नव्हता. "आली सगळी. पण आता माणसांना कळलं. आता आम्हाला हे गाव सोडून जावं लागणार."

तेवढ्यात बाकावर चढलेल्या एका बाईंनी तिथूनच आवाज दिला. शेजारच्या वावराच्या मालकीण त्या.

"ए पोरी! कुठं चाल्लाव? आमचं खालचं वावर तसंच राह्यलंय की! तिथं मेंढरं बसवा आधी. काय जायचंबियचं न्हाई!"

मांडव हसून हसून लोळला. माझी मुलगी मात्र हसली नाही. नाटकात नसलेलं वाक्य आलं होतं, त्याला उत्तर द्यायला हवं होतं. तिने थोडा विचार केला.

"बरं," ती म्हणाली. "मग राहतो."

तिथेच नाटक संपलं. टाळ्या पडत होत्या आणि मी रडत होते. खत झालं की 'आता उचला मेंढरं' हे मी लहानपणापासून किती वावरांत ऐकलं असेल. राहा म्हणून कुणी बाकावर उभं राहून ओरडल्याचं मला आठवत नाही. आणि ते माझ्या पोरीने रचलेल्या नाटकाने घडवलं होतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की बाई भेटायला आल्या तेव्हा मला धड दोन शब्द बोलता आले नाहीत. एरवी बोलण्यात माझा कुणी हात धरू शकत नाही.

घरी आल्यावर सासरे ओट्यावर जाऊन बसले. भाकरी अर्धीच खाल्ली. "गेली हाळी," एवढंच म्हणाले. "बापानं राखली, म्या मांडवात उधळली." मुलगी त्यांच्याजवळ जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी ते म्हणाले तसंच झालं. सकाळपासून गावातल्या पोरांना दुसरा धंदा नव्हता. सायकलवरून जाताना हाळी, नळावर हाळी, क्रिकेट खेळताना बोलर धावत निघाला की हाळी. आमची मेंढरं मालकीणबाईंच्या खालच्या वावरात बसवली होती. मी जेवण घेऊन गेले तेव्हा बांधावर पोरांची रांग उभी होती आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होती. एकाला तर चढण आणि शेवटाची मोड दोन्ही जमल्या होत्या.

एकाही मेंढराने मान वर केली नाही. पात खाणं चालू होतं.

सासरे बाभळीखाली बसून हे बघत होते. हळूहळू त्यांच्या मिशा हलायला लागल्या. पोरं घसा बसवून घरी गेली तेव्हा ते मोठ्याने हसले. मुलगी शेजारी गवताची काडी चावत बसली होती.

"तू का गं गप?" त्यांनी विचारलं.

"शब्द दिलाय तुम्हाला."

सासरे मेंढरांकडे बघत राहिले. मला वाटलं आता विषय बदलतील, भाकरी मागतील. "शब्द म्या माघारी घेतला," ते म्हणाले. "ऊठ. दे."

ती उठली. हात तोंडाशी नेला, तसाच, टाकीपुढे न्यायची तसा. आणि आवाज आला. बारीक होता, चिरका होता, पण आमच्या घरचा होता. चार-सहा मेंढरांनी माना वर केल्या, कान हलवले आणि पुन्हा खाली घातल्या. मुलीचा चेहरा उतरला.

"शेवटाला घाई करतीस," सासरे म्हणाले. "घाई मेंढराला कळती. मोडायच्या आधी थांब, श्वास घे, मंग मोड. परत दे."

तिने परत दिली. यावेळी एक म्हातारी मेंढी वळली. थोडं थांबली आणि चालत निघाली. तिच्या मागे दुसरी निघाली, मग कोकरं, मग त्यांच्या आया. माझ्या हातातली भाकरीची टोपली तशीच राहिली.

आता मलाही गप्प बसवेना. "मामा," मी म्हटलं, "आन् ही सासरी गेली म्हंजे?"

त्यांनी येणाऱ्या मेंढरांवरची नजर काढली नाही.

"म्हंजे काय? तिकडची मेंढरं बी आपलीच व्हत्याल."